आइलर्टमामा आणि देवमासे

आइलर्टमामापुढे त्याच्या बोटीवर काम करणाऱ्या भाचीनं, तोरुननं हात टेकले होते. उभा जन्म हेरिंग मासे पकडण्यात घालवला, आता पर्यटकांची छोटी बोट घेऊन फ्योर्डमध्ये, डोंगरांत शिरलेल्या खाडीत, देवमासे दाखवत फिरतो, पण खोड मेली कोळ्याचीच! वायरलेसवर कुणा बोटवाल्यानं विचारलं, "आइलर्ट, दिसलं का काही?" की ह्याचं ठरलेलं उत्तर, "छे! पाणी नुसतं रिकामं." मग भले ऑर्का देवमाशांचा कळप बोटीच्या नाकासमोर उड्या मारत असो.

"मामा, ते काय जाळ्यात भरून नेणार आहेत? बघू दे की त्यांनाही!"

"मासा कुठाय ते सांगणारा उपाशी मरतो, पोरी."

झालं! इतर बोटवालेही ह्याला तसंच फसवायला लागले. प्रवाशांना रोज नवी थाप मारायची ती मात्र तोरुननं.

आणि आज तर आई बोटीवर होती. एक डोळा गेलेलाच, दुसरा हा हिवाळा काढणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. तिला एकदाच ऑर्काच्या पाठीवरचा तो उंच काळा पर पाण्याबाहेर येताना बघायचा होता. नोव्हेंबर संपत आलेला. इतक्या उत्तरेला सूर्य उगवायचा बंद झाला होता, उजेड म्हणून जो काही असतो तो दुपारच्या आसपास थोडासा.

सकाळीच वायरलेसवर दुसऱ्या बोटवाल्याचा, यूस्टाइनचा आवाज आला, "उत्तरेच्या फाट्यात या, भरपूर आहेत!"

"म्हणजे दक्षिणेला," मामा हसला आणि त्यानं चाक फिरवलं.

"अरे, खरं बोलत असेल तो!"

"यूस्टाइन? तो स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा खरी सांगायचा नाही."

दक्षिणेला बर्फाचे कडे होते आणि खडकावर एक कंटाळलेला समुद्रगरुड. प्रवाशांनी बिचाऱ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. तोरुनचं डोकं फिरलं. तिनं मामाच्या हातातून वायरलेस हिसकावला.

"यूस्टाइन, तोरुन बोलतेय. आई आलीय बोटीवर. देवाशपथ खरं सांग, कुठे आहेत?"

"अगं, सकाळीच सांगितलं ना खरं! ओस्लाउगताईंच्या डोळ्यांचं गावभर माहीत आहे. तुमचीच वाट बघत थांबलोय कधीचा."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं बोट वळवली आणि इंजिनाचा जीव काढत उत्तरेचा फाटा गाठला. तोवर काळोख पडला होता. इंजिन बंद केलं तसं डाव्या हाताला 'फुस्स' असा मोठा श्वास ऐकू आला, मग उजवीकडे, मग अगदी बोटीलगत. प्रवासी मोबाइल रोखून उभे होते, पण पडद्यावर नुसतं काळं.

"घे! भर आता जाळ्यात!" तोरुन मामावर ओरडली. मामानं टोपी काढून हातात धरली.

आई कठड्याला धरून पाण्याकडे तोंड करून उभी होती.

"कसे दिसताहेत गं?"

"आई, अंधार आहे. मलाही काही दिसत नाही."

आईनं श्वासाच्या आवाजाकडे मान वळवली.

"मग खोटं सांग," ती म्हणाली. "पण नीट सांग."