गेटवरचा लाल पट्टा

“पट्टा दिसतोय ना अजून? मग कशाला सकाळी सकाळी लोकांचा जीव काढताय?” वैजनाथरावांनी पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतूनच विचारलं. हातात चहाचा कप. ते आमच्या सोसायटीचे चेअरमन. चिमटा काढल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही.

मी गेटपाशी गुडघाभर पाण्यात उभा होतो. धरणातून आणखी पाणी सोडणार असल्याचा मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला होता. 

गेटच्या खांबावर लाल ऑइलपेंटचा आडवा पट्टा आहे, शेजारी पांढऱ्या अक्षरांत ‘पूररेषा’. म्हणजे मोठ्यात मोठा पूर आला तरी पाणी इथवरच, आणि तळमजल्याची फरशी त्याच्याही दीड फूट वर. नदीकाठी बांधायचं तर जोतं पूररेषेच्या वर घ्यायचं, हा नियमच आहे. लोकांनी फ्लॅट घेतले ते हा पट्टा बघून. दर मे महिन्यात सोसायटी मला डबा आणि ब्रश देते आणि मी तो नव्याने रंगवतो.

तो पट्टा खोटा आहे. चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

मी शकील. गुडघे गेले म्हणून आता इथे राखणदारी करतो, पण एकोणीस वर्षांपूर्वी ही इमारत बांधणारा मिस्त्री मीच. काम दिवाळीनंतर सुरू झालं, पण त्याआधीच सर्व्हेवाल्यांनी कोपऱ्यावरच्या विजेच्या लोखंडी खांबावर पिवळी खूण करून दिली होती, पूर इथपर्यंत म्हणून. आम्ही मिस्त्री लोक खुणेला उलट विचारत नाही. खूण मिळाली की लेव्हलची नळी काढायची. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक खुणेपाशी, दुसरं भिंतीपाशी, दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबलं की पेन्सिलने रेघ. सगळं जोतं मी त्या रेघेवरून उचललं. प्लिंथ भरून झाली आणि चहावाली चंपा सहज बोलून गेली, “तो खांब होय? तो तर खालून सडला होता. वीजवाल्यांनी दिवाळीत गंजलेला भाग कापला आणि परत रोवला.”

खांब साडेतीन फूट बुटका झाला होता, आणि खूणही त्याच्याबरोबर खाली आली होती. माझ्या पाचावर धारण बसली. धावत साइट इंजिनिअर अभयसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “रेघ कुणी मारली? तू. मग आत कोण जाणार?” मी मुळातच भित्रा. गप्प बसलो. पुढे इथली नोकरी मागून घेतली तीही भीतीपायीच. कोंढव्यातल्या घरी बसून पावसाचा आवाज ऐकवत नव्हता.

तळमजल्यावरच्या पहिल्याच दारात गोदाबाई राहतात. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. त्यांची सून पूर्णिमा घरूनच ऑफिसचं काम करते. मी दार वाजवलं.

“पूर्णिमाताई, आजींना वर नेऊ या. आत्ताच्या आत्ता.”

“मामा, मागच्या वेळी नुसतं कुशीवर वळवलं तर दोन दिवस कळवळत होत्या. पट्टा कोरडा आहे ना? मग प्लीज पॅनिक करू नका.”

आतून गोदाबाईंनी हाक मारली, “शकील, पाणी कुठवर आलंय रे? मला इथनं काही दिसत नाही.”

“लांब आहे आजी,” मी म्हणालो. खोटं बोलायची जिभेला सवय झाली होती.

मग जिना चढून वैजनाथरावांकडे गेलो. मीटर तळमजल्यावर आहेत, लाईट बंद करू या, खालच्यांना वर घेऊ या, असं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आपण हवामान खात्यात कधीपासून?” म्हणाले. मला खरं कारण सांगता येईना. तसाच खाली आलो.

तोवर पाणी मांडीला लागलं होतं. अर्ध्या तासाने ते पट्ट्याला टेकलं. सगळी सोसायटी जिन्यात जमली, मोबाइल बाहेर निघाले. वैजनाथरावही खाली आले.

“हं, आता बघा. इथे थांबेल,” ते म्हणाले.

आणि काय सांगू, सगळे खरंच थांबण्याची वाट बघत उभे राहिले! माझा पट्टा होता ना तो. इतका विश्वास कुणी माझ्यावर घरातसुद्धा टाकला नव्हता. पाणी पट्ट्यावरून वर सरकलं. आधी अक्षरांचे पाय बुडाले, मग पूर्ण अक्षरं. कुणीतरी म्हणालं, लाट असेल.

“लाट नाही!” मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू येईना. “पट्टा खोटा आहे. मी चुकीच्या खुणेवरून मारलाय. पाणी अजून साडेतीन फूट चढणार. घरात येणार. आजींना उचला!”

वैजनाथराव पायरी उतरून माझ्यासमोर आले.

“कधीपासून माहिती होतं?”

“पहिल्यापासून.”

“एकोणीस वर्षं.” त्यांचा हात उठला. वाटलं, आता बसणार कानाखाली. तो हात त्यांनी जिन्याकडे केला. “उभे काय राहिलात सगळे? चला, उचला त्यांना!”

मी मीटरच्या खोलीकडे पळालो. ती घरांपेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं, पॅनेल जेमतेम वीतभर वर. हात ओले, अंग ओलं. या अल्लाह, इतका मी कधी घाबरलो नव्हतो. कोपऱ्यातला झाडू कोरडा होता. डोळे मिटून त्याच्या लाकडी दांड्याने मेन स्विच खाली ढकलला. खट्‌ झालं. पाय अजून आपलेच आहेत हे कळायला थोडा वेळ लागला.

बाहेर आलो तर चौघेजण गोदाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत साडीने बांधून जिन्याने चढवत होते. त्या वेदनेने किंचाळत होत्या आणि मधेच “माझी कवळी राहिली गं!” म्हणून सुनेवर खेकसत होत्या. पूर्णिमा रडत रडत मागून खुर्ची पेलत होती. माझ्याजवळून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. तासाभरात फ्रिज आडवा होऊन त्यांच्या दारात तरंगत आला. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे वर अडकलो होतो, आणि माझ्या पायरीवर माझ्याशेजारी कुणी बसलं नाही.

चौथ्या दिवशी मीटिंग झाली. वैजनाथरावांनी ठराव वाचून दाखवला, “एक तारखेपासून आपण येऊ नये. जाताना तो पट्टा खरवडून जा.”

“खरवडतो साहेब. पण खरा मारून जाऊ दे.”

त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. नाही म्हणाले नाहीत, एवढंच मी धरलं.

दुसऱ्या दिवशी घरून जुनी नळी आणली. गेटवरच्या चिखलाच्या खुणा पावसाने धुऊन नेल्या होत्या. गोदाबाईंच्या खोलीतली खूण मात्र भिंतभर शिल्लक होती, सरळ, तपकिरी. पलंग होता तिथेच होता. मी हात लावून मोजलं. खूण उशीच्या चार बोटं वर होती. मी तसाच खाली बसलो. पुन्हा उठायला बराच वेळ लागला.

नळीत पाणी भरलं, एक टोक खिडकीतून गेटकडे सोडलं आणि दुसरं भिंतीवरच्या खुणेला धरलं. तेव्हा लक्षात आलं की हे काम एकट्याचं नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. हाक मारावी असं आता तिथे कुणी राहिलं नव्हतं. मी नुसताच धरून उभा राहिलो.

एकाएकी नळी हातात ओढल्यासारखी झाली. खिडकीतून पाहिलं तर गेटपाशी पूर्णिमा. पाच दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने टोक उचललं होतं.

“वर घ्या ताई. अजून. अजून थोडं.”

“हलतंय अजून,” ती म्हणाली.

मी वाट पाहिली.

“थांबलं.”

“पेन्सिल खांबाच्या खोबणीत आहे. रेघ मारा.”

तिने रेघ मारली. त्यासाठी तिला टाचा उचलून हात डोक्याच्या वर न्यावा लागला.