वाकडं विणायचं कसं

मी मुळात या घरात यायलाच तयार नव्हते, हे आधीच सांगून टाकते. निवृत्त झाल्यावर माणसं जरा पाय पसरून बसतात. आमच्या ह्यांना मात्र पाय आखडून घ्यायची हौस आली. ह्यांच्या मित्रमंडळींनी मिळून एक जुनी वखार घेतली होती. तिच्यात चार-पाच घरांनी एकत्र राहायचं, स्वयंपाकघर एक, फ्रिज एक, आणि लागेल ती वस्तू होता होईल तो हाताने बनवायची. मी म्हटलं, "म्हणजे जन्मभर राबून घेतलेलं सगळं विकायचं आणि म्हातारपणी विणकाम शिकायचं? डोकं ठिकाणावर आहे ना?" हे म्हणाले, "थोडे दिवस बघू." त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. आता मला कोणी परत फ्लॅटमध्ये नेऊन बसवलं तर मी भिंतींशी भांडेन, कारण तिथे भांडायला दुसरं कोणी नसेल.

वखारीच्या मधल्या हॉलमध्ये आमचा हातमाग आहे. पंचे, चादरी, पडदे, सगळं त्याच्यावर निघतं. ज्याला सवड होईल त्याने येता-जाता बसायचं, वीतभर विणायचं आणि उठायचं. त्यामुळे एकाच चादरीत सगळ्यांचे स्वभाव उतरतात. माझी वीण घट्ट. पलीकडच्या खोलीतली नर्सबाई म्हणते, "तुमच्या पट्ट्यातून पाणीसुद्धा गळणार नाही, इतका राग ठासून भरलाय." तिची स्वतःची वीण शिस्तीची, धागा जरा इकडचा तिकडे नाही. वरच्या खोलीतल्या शिंपीमास्तरांची इतकी साफ की डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी ओळखावी. आणि आमच्या ह्यांची? आहे आपली. त्याहून जास्त बोलत नाही.

सुरुवातीला कोणाची वीण चुकली की "हे कोणाचं?" अशी चौकशी व्हायची. मग रुसवेफुगवे, मग दोन घरांचं आपसात बोलणं बंद. एकदा तर जेवणाच्या टेबलावर मीठसुद्धा तिसऱ्या माणसाकरवी मागायची पाळी आली. तेव्हा मी वैतागून नियम काढला. चूक कोणाची हे विचारायचंच नाही. जो बघेल त्याने मुकाट्याने उसवायचं आणि पुढे विणायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. भांडणं थांबली. मी बरेच दिवस त्या नियमाच्या जोरावर मिरवलेही.

माझी धाकटी जाऊ आमच्याकडे राहायला आली ती भावजी गेल्यावर. ही बाई म्हणजे आमच्या घरातली तोफ. पडद्याचा रंग, पाहुण्यांची अंथरुणं, कप कोणी फोडला, कशावरूनही आम्ही दोघी भांडायचो आणि भांडून भूक लागली की एकाच ताटात जेवायचो. भावजी अचानक गेले आणि हिने मिठाची गुळणी धरली. हो, नाही, नको. एवढंच. दिलं तर खायची, नाहीतर हॉलच्या खिडकीशी बसून राहायची. मी मुद्दाम टोचून बघितलं. म्हटलं, "केसांचं काय घरटं करून ठेवलंयस!" पूर्वी एवढ्यावरून तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. ती फक्त म्हणाली, "हो." मी आत जाऊन रडले, खोटं कशाला बोलू?

तिची लेक लांब राहते, विमानाने यावं लागतं. तिचा फोन आला. "काकू, तुम्ही सगळे खूप करताय. पण वर्ष होत आलं, आई तशीच आहे. माझ्या इथे एक चांगलं केंद्र आहे, डॉक्टर असतात, चोवीस तास माणसं असतात. मी रविवारी येते आणि तिला घेऊन जाते." पोरीचं काही चुकत नव्हतं. काळजीने अर्धी झाली होती बिचारी. तिथे धाकटीला वेळेवर औषध मिळालं असतं, धुतलेले कपडे मिळाले असते. पण तिथे तिच्याशी भांडणार कोण? आणि भांडल्याशिवाय ती परत येणार कशी?

शनिवारी दुपारी सगळे इकडे-तिकडे पांगले होते. मी मटार सोलायला घेऊन हॉलकडे निघाले आणि दारातच थबकले. धाकटी मागावर बसली होती. आडवा धागा नेणारा धोटा हातात घेऊन नुसती बघत होती. मग तिने पाय दाबला, धोटा पलीकडे सारला, झेलला, धागा ठोकायची फणी ओढली. पुन्हा पाय, पुन्हा धोटा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. खिडकीशी बसून ती आमच्याकडेच बघत असणार, आणि आम्हाला वाटायचं ती बाहेर बघतेय. वीण कसली, नुसता गोंधळ. कुठे सैल, कुठे दाटी, काठ आत ओढलेला. मी मटारचं भांडं पोटाशी धरून दाराआड उभी. पाय भरून आले, शिंक आली ती नाक दाबून गिळली. चार बोटं कापड झालं तशी ती उठली, त्याच्यावरून एकदा तळवा फिरवला आणि परत खिडकीशी जाऊन बसली.

मी कोणाला बोलले नाही. ह्यांनासुद्धा नाही. बोलून दाखवलं की चांगली गोष्ट उडून जाते, अशी मला लहानपणापासून धास्ती. मनात ठरवलं, उद्या पोर आली की तिचा हात धरून मागापाशी न्यायचं आणि म्हणायचं, हे बघ तुझ्या आईने काय केलंय ते.

रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आले तर शिंपीमास्तर मागावर. चष्मा कपाळावर, मांडीवर उसवलेल्या सुताचा गुंता आणि चेहऱ्यावर समाधान.

"काय करताय मास्तर?"

"अहो वहिनी, कोणीतरी अगदीच घाण करून ठेवली होती. सगळं काढून टाकलं. आता बघा कसं दिसतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. मास्तर बिचारे गोरेमोरे झाले. "पण वहिनी, विचारायचं नाही, मुकाट्याने उसवायचं, हा नियम तुमचाच ना?"

"चुलीत घाला तो नियम! माझ्या धाकटीचं होतं ते!"

आरडाओरडा ऐकून नर्सबाई आली, हे आले. मी काल पाहिलेलं सगळं सांगितलं. मास्तरांनी सुताचा गुंता हातात धरला होता, तो त्यांना खालीही ठेववेना. "माझी बायको गेली तेव्हा मी कितीतरी महिने कात्रीला हात लावला नव्हता," ते म्हणाले. "मला कळायला हवं होतं."

"रडायला वेळ नाही," नर्सबाई म्हणाली. "त्या आत्ताच आंघोळीला गेल्यात. बाहेर यायच्या आत पुन्हा तस्संच विणून ठेवू."

पहिली मी बसले. सैल विणायचं, सैल विणायचं असं घोकत होते, पण फणी हातात आली की हात आपोआप ठोकतो. घट्टच झालं. मास्तरांनी डोळे मिटून विणलं, तरी मेलं सरळ! नर्सबाईने मुद्दाम वाकडं विणलं, पण दर चार धाग्यांनी एक, मोजून वाकडा. हे स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "डावीकडे अजून वाईट करा! काठ बिघडवा, काठ!"

"मग या ना तुम्ही!" मी म्हटलं. "तुमचं तर उपजतच वाईट आहे."

हे बसले. आणि काय सांगू, इतक्या वर्षांत ह्यांना जी वीण जमली नव्हती ती नेमकी त्या दिवशी जमली. एकसारखी, सुंदर. नाचता न येणाऱ्याला अंगण वाकडं लागतं म्हणतात; इथे आम्हाला वाकडंच हवं होतं आणि ते काही केल्या होईना. नर्सबाईला हसू फुटलं, मग मास्तरांना, मग मलाही. फ्लॅटमध्ये होतो तेव्हा शेजारच्याचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. आणि इथे सगळ्यांचे चहा गार होत होते, कारण माझ्या जावेसाठी कोणालातरी वाईट विणता यायला हवं होतं. माझ्यावर किती मोठी मेहेरबानी झाली होती हे मला तिथे, त्या हसण्यात कळलं.

तेवढ्यात दारात धाकटी. ओले केस, खांद्यावर पंचा. आम्ही चोरी करताना सापडल्यासारखे मागे सरकलो. ती मागापाशी आली, वाकली, कापडावरून तळवा फिरवला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

मास्तर पुढे झाले. "ताई, चूक माझी आहे, मी..."

"माझं चार बोटं होतं. वाईट होतं. पण माझं होतं!" आवाज चिरकला तिचा, इतक्या दिवसांत वापरलाच नव्हता. "कोणी उसवलं?"

मास्तरांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

"आणि हे काय विणलंय? झोपेत होतात का सगळे? ही मोजून वाकडी ओळ कोणाची? आणि जाऊबाई, ही दगडासारखी ओळ तुमची, मला कळत नाही होय? कापडाला श्वास तरी घेऊ द्याल की नाही?"

"तू फार शहाणी!" मी म्हटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडाने भांडण. "चार बोटं विणलीस आणि आम्हाला शिकवतेस?"

"शिकवणारच! उठा आधी तिथून!" हे टुणकन उठले. ती बसली, आम्ही विणलेलं भराभर उसवायला लागली, आणि तोंडाचा पट्टा सुरूच. नियम कोणी केला, कसला मूर्ख नियम, माणसाला विचारायला काय जीभ झडते का, चहा कोणी इतका गोड केलाय, खिडकीची काच किती दिवसांत पुसली नाही. मास्तर प्रत्येक वाक्याला "बरोबर, ताई" म्हणत होते.

मी डोळे पुसत बाहेर आले तर पायरीवर पोर उभी. बॅग हातातच.

"काकू, काय झालं? आत भांडण चाललंय का?"

"हो गं राजा," मी म्हटलं. "तुझी आई भांडतेय."

तिने कान देऊन ऐकलं. मग मटकन पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी तिकीट दोघींचं काढलं होतं," ती नाक ओढत म्हणाली.

"एक रद्द कर."

आतून हाक आली, "जाऊबाई! बाहेर काय बसलात? माझं अजून संपलेलं नाही!"

"आले, आले," मी ओरडले. इतक्या आनंदाने बोलणी खायला मी जन्मात कधी उठले नव्हते.