काटा ठरत नाही

मिस्त्रीने रबरी बूच रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवलं, त्यावर डावा तळहात दाबून धरला आणि उजव्या हाताने हवेचा नळ उघडला. कॉम्प्रेसरची हवा शीळ घालत सुटली आणि बुचातून वर आलेल्या नळीवाटे इंजिनाच्या पोटातली हवा खेचून बाहेर टाकू लागली. नळीवरच्या दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा सरकत सरकत हिरव्या पट्ट्यात गेला. जाडजूड होज पाइप दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे झाले. त्याने नळ बंद केला आणि गॅरेज एकदम शांत झालं.

"ठरला!" निवांत म्हणाला.

"बोलू नकोस."

निवांत म्हणजे या गाडीचा ड्रायव्हर. जन्मात तो कधी एका जागी स्वस्थ बसला नव्हता, म्हणूनच कुणीतरी त्याचं हे नाव पाडलं होतं. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या पेशंटना नेणं-आणणं हे त्याचं काम. मागच्या फेरीत ऐन चढावर इंजिन उकळलं होतं आणि आतले पेशंट भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिले होते. त्यात मिस्त्रीची बायकोही होती.

मिस्त्रीने हात काढला, बॅटरी उचलली आणि खाली वाकून वॉटर पंपावर उजेड टाकला. पंप नवा होता. त्यानेच बसवला होता. सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसत होतं. समाधानाने तो उठला आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर आला होता आणि अजून खाली येत होता.

"पडला की हो," निवांत म्हणाला.

"दिसतंय मला."

भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका जुन्या गाडीच्या सीटवर त्याची बायको बसली होती. पाय सुजले होते म्हणून तिने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. मांडीवर हॉस्पिटलची पिशवी होती, त्यात शाल, चादर आणि फाइल. निघायची सगळी तयारी करून ती सकाळपासून तिथे होती. दुपारच्या पाळीला पोचलं नाही तर डायलिसिसची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी जाते आणि मग परवापर्यंत वाट पाहावी लागते, हे तिघांनाही ठाऊक होतं. मधे दोन दिवस गेलेच होते. आणखी दोन दिवस तिच्या अंगात पाणी साचत राहिलं तर काय होतं ते मिस्त्रीने एकदा पाहिलं होतं. उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून ती रात्रभर बसली होती. आज सकाळपासून तीच रात्र त्याच्या डोळ्यांपुढे होती.

"अहो, सरळ वरून कूलंट ओता ना," निवांत म्हणाला. "आम्ही आपले आयुष्यभर ओततच आलो."

"म्हणूनच तर उकळली. हिची हीटरची लाइन पार मागच्या सीटपर्यंत गेलीय. वरून ओतलं की मधे कुठेतरी हवा अडकते. इथे बरी चालेल, चढाला लागली की परत बोंब. आधी सगळी हवा ओढून घ्यायची, मग कूलंट आपोआप आत खेचलं जातं. कोपरान् कोपरा भरतो."

"मग ओढा की."

"ओढतोय. पण काटा ठरत नाही ना! ठरत नाही म्हणजे कुठूनतरी हवा शिरतेय. जिथून हवा शिरते तिथून उद्या कूलंट बाहेर येईल."

त्याने खालच्या पाइपाची क्लिप सोडून परत आवळली. हीटरच्या नळ्या मागपर्यंत चाचपल्या. मग पुन्हा बुचावर तळहात ठेवून हवा ओढली. काटा हिरव्यात गेला, तिथे उभा राहिला. मिस्त्रीने मनातल्या मनात सावकाश आकडे मोजले. काटा हलला नाही. त्याला हायसं वाटलं. त्याने हात काढून कपाळाचा घाम पुसला, खालच्या क्लिपेशी कान नेला, आणि परत वर पाहीपर्यंत काटा घसरायला लागला होता.

या काट्याचं त्याला काही कळेना. सुरुवातीला ठाम उभा राहतो आणि जरा विश्वास टाकला की पडतो. त्याहून वाईट म्हणजे सकाळी त्याने उलटी परीक्षाही घेतली होती. साधं पाणी भरून, दुसरं झाकण लावून पंपाने आत दाब दिला, तेव्हा कुठे टिपूससुद्धा आला नव्हता. दाबलं तर गळत नाही आणि ओढलं तर टिकत नाही, असं दुखणं एकाच ठिकाणी असू शकतं, पंपाच्या सीलमध्ये. आणि पंप काढायचा म्हणजे पुढचा सगळा पसारा काढायचा. म्हणजे आजची दुपार गेली.

"दुसरी गाडी बघितलीस?" त्याने निवांतला विचारलं.

"तीनतीनदा फोन केले. एक लग्नाला गेलीय, एक स्वतःच आजारी आहे. टॅक्सीवाला म्हणतो डोंगर चढणार नाही." निवांत शटरपर्यंत जाऊन परत आला. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका हं."

"मी कुठे करतेय?" ती म्हणाली. कूलंटच्या हिरव्यागार कॅनकडे बघत ती जराशी हसली. "गाडीला पाजायला एवढी धडपड, आणि मी घोटभर मागितलं की मापं काढता."

निवांत मोठ्याने हसला. मिस्त्रीला हसू आलं नाही. तिला दिवसभराचं पाणी मोजून द्यायचं काम त्याचं होतं, आणि ते मापटं भरताना तिच्याकडे पाहायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं.

त्याने आणखी एकदा हवा ओढली. या वेळी वरची क्लिप बदलून. काटा उभा राहिला, त्याने पाना घ्यायला हात काढला, काटा पडला. बायको बघत होती. ती सकाळपासून बघत होती. तिच्या जागेवरून घड्याळ आणि त्याचा हात अगदी समोर दिसत होते. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याला वाटलं, तिला तहान लागली असेल.

"पंप खोलतो," तो शेवटी म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "आज होत नाही. निवांत, हॉस्पिटलला कळव. म्हणावं, रात्रीत कुठे खुर्ची रिकामी झाली तर सांगा. काहीही करा म्हणावं, पण सांगा."

बायकोने पिशवीतून शाल काढली आणि अंगाभोवती घेतली. तिचे खांदे सैल पडले होते. डोळे मिटून ती मागे टेकली. घाबरली असेल, असं वाटून मिस्त्रीने तोंड फिरवलं. हवा तो पाना समोर असून त्याच्या हाताला लागत नव्हता.

निवांतने नंबर लावायला फोन काढला आणि तेवढ्यात तोच वाजला. मास्तरांच्या सुनेचा होता. मास्तर याच गाडीने, याच पाळीला जायचे आणि पूर्ण रस्ताभर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, कुणी ऐको न ऐको. हातात ग्रीस होतं म्हणून निवांतने फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, अजून किती वेळ?" सुनेचा आवाज चढलेला होता. "बाबांना आडवं होता येत नाहीये. खिडकीशी उभं केलंय त्यांना. ते बोलतच नाहीयेत."

"निघतोच," निवांत म्हणाला आणि मिस्त्रीकडे पाहत राहिला. फोन बंद झाल्यावरही त्याने तो खिशात ठेवला नाही.

मिस्त्रीने पंपाच्या पहिल्या बोल्टला पाना लावला.

"अहो, थांबा."

बायको उठून उभी राहिली होती. अनवाणीच ती गाडीजवळ आली. चालताना तिला धाप लागली, तेव्हा तिने बोनेटचा आधार घेतला.

"पंप नका खोलू. तुमचा हात असतो तोवर काटा पडत नाही. हात काढलात की पडतो."

"म्हणजे?"

"परत ओढा. आणि हात काढू नका."

त्याने ओढून पाहिलं. तळहात बुचावर, नळ बंद. काटा हिरव्यात उभा राहिला. खूप वेळ गेला, निवांतसुद्धा एका जागी उभा होता. काटा हलला नाही. मग मिस्त्रीने हात उचलला आणि काटा लगेच सरकायला लागला.

त्याने बूच काढून उजेडात वाकवलं. कडेला नखाएवढी चीर होती, वाकवल्याशिवाय न दिसणारी. जुना कॉम्प्रेसर कमजोर होता तेव्हापासून बुचावर हात दाबून धरायची त्याला सवय लागली होती. नवा आला तरी ती सुटली नव्हती, आणि आपण हात ठेवतो हेही तो विसरून गेला होता. चीर त्याच्या हाताखाली मिटत होती. गळती शोधायला तो हात काढायचा आणि तेव्हाच ती उघडायची. सकाळपासून त्याने गाडीचा प्रत्येक सांधा संशयाने पाहिला होता, पण रोजच्या वापरातल्या या बुचाकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्याने चिरेवर ताणून गुंडाळली, ग्रीस लावलं, बूच परत बसवलं. हवा ओढली आणि या वेळी दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. काटा ठरला. त्याने कूलंटची नळी कॅनमध्ये बुडवून आधी तोंडापर्यंत भरून घेतली, मग खटका उघडला. हिरवं पाणी सरसरत आत गेलं आणि चपटे पाइप एकेक करून गोल झाले. गाडी चालू केली आणि कूलंट मागपर्यंत पोचलं का ते बघायला हीटर लावला. मागच्या सीटशी हात धरून निवांत ओरडला, "गरम! मिस्त्री, गरम हवा येतेय!" आणि लगेच मास्तरांच्या घरी फोन लावायला पळाला.

मिस्त्रीने हात पुसले. बायकोच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या, पिशवी उचलली, तिला दंडाला धरून गाडीत चढवलं. ती मधल्या सीटवर बसली.

"कधी लक्षात आलं तुझ्या?" त्याने विचारलं.

ती शालीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"दुसऱ्या खेपेलाच."

त्याला राग आला. काय बोलून गेला असता कुणास ठाऊक.

"एक दिवस," ती म्हणाली. "एकच दिवस तिथे जाणं नको वाटत होतं मला. तुम्ही म्हणालात आज होत नाही, तेव्हा इतकं बरं वाटलं. मग मास्तरांचं ऐकलं."

पहिले काही महिने तो प्रत्येक खेपेला तिच्याबरोबर जायचा. पुढे कामं तुंबली. ती म्हणाली, मी जाते एकटी, तुम्ही नका दिवस मोडू, आणि त्याने ते खरं मानलं. तिथे चार तास ती काय करते हे त्याने बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं.

निवांत स्टिअरिंगवर बसला. "मिस्त्री, दार लावा! मास्तर खाली उतरलेत, वाट बघतायत."

मिस्त्री आत चढला आणि त्याने दार ओढून घेतलं.

"अहो, गॅरेज उघडं आहे," ती म्हणाली. "हत्यारं सगळी बाहेर पडलीत."

"असू दे."

पिशवी मांडीवर घेऊन ती जराशी खिडकीकडे सरकली आणि तिने शेजारी त्याला जागा केली.