सुदेशने केलेलं घडीचं टेबल

सुदेश नाटेकरला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम जमायची, ती म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढणं. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता आणि तिथे या गुणाचा पगार मिळायचा. घरी त्याला फारसा वाव नव्हता. बायको कल्पिता चुका काढण्यासारखं काही करत नसे आणि तो स्वतः तर काहीच करत नसे.

अशा माणसाने एक दिवस जाहीर केलं, की मी लाकडाचं टेबल बनवणार.

कारण होतं कल्पिताचे गुडघे. डॉक्टरांनी तिला मांडी घालून बसायची सक्त मनाई केली, तेव्हापासून ती जेवायला हॉलमध्ये येईनाशी झाली. नाटेकरांच्या डोंबिवलीच्या घरात सगळे जमिनीवर बसून जेवत. तिथे डायनिंग टेबल ठेवायचं, तर आधी एखाद्या माणसाला जिन्यात ठेवावं लागलं असतं. सुदेशने मग तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. नवरा, लेक, जावई खाली आणि ही एकटी वर, मांडीवर ताट घेऊन. "मला काय गणपतीसारखं बसवलंय?" असं म्हणून ती उठली, ती परत ओट्यापाशी गेली. सगळ्यांचं आटोपलं की तिथेच उभ्याने चार घास खायची.

सुदेशला ते बघवत नसे. आपण इथे बसून भुरके मारतोय आणि आत बायको उभी, या विचाराने त्याचा घास घशात अडायचा. अडलेला घास तो आमटीच्या भुरक्याबरोबर खाली ढकलायचा, हा भाग वेगळा. पण आता त्याने मनावर घेतलं होतं. कल्पिता सगळ्यांबरोबर, बसून, जेवली पाहिजे. बाकी काही नाही.

मोबाईलवर त्याला हवं तसं टेबल सापडलं होतं. मधे हातभर रुंदीचा भाग आणि दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांवर लोंबणाऱ्या फळ्या. फळ्या उचलल्या की घरदार जेवायला बसेल, सोडल्या की टेबल कोपऱ्यात गपगुमान उभं. व्हिडिओतला गोरा माणूस ते शिट्टी वाजवत बनवत होता. सुदेशला शिट्टीही वाजवता येत नव्हती, पण ती काही टेबलाला लागत नाही, असा त्याने विचार केला. सुताराला सांगा, असं कल्पिताने सुचवून पाहिलं. त्यावर तो म्हणाला, की सुताराच्या डोक्यावर उभं राहावं लागतं, त्यापेक्षा आपलं आपण केलेलं बरं. आपल्या डोक्यावर कोण उभं राहणार, हा प्रश्न त्याला पडला नाही.

शीळफाट्याजवळच्या एका वखारीतून त्याने जुन्या सागाच्या फळ्या आणल्या, त्याही रिक्षातून. फळ्या मांडीवर आडव्या आणि दोन्हीकडून बाहेर, त्यामुळे डोंबिवलीपर्यंत तो डाव्या-उजव्या बाजूच्या मोटारसायकलवाल्यांची माफी मागत आला. मग गच्चीवर त्याचा कारखाना सुरू झाला. पहिल्या सुट्टीत त्याने करवत धरायला शिकून घेतलं. दुसऱ्या सुट्टीत अंगठ्याला पट्टी बांधायला. फळ्यांवर रंधा मारताना त्याला आपण फार मोठं काही करतोय असं वाटे आणि खालून कोणी गच्चीवर आलं, की तो मुद्दाम एक डोळा मिटून फळीची धार बघत बसे. त्या मिटलेल्या डोळ्यामागे काय चाललंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसे.

बिजागऱ्या त्याने आधी वरच्या बाजूने ठोकल्या. फळी खाली सोडायला गेला तर ती तसूभर हलेना, वर मात्र झोकात उभी राहिली. चहा घेऊन आलेल्या कल्पिताने टेबलाकडे पाहिलं आणि यावर कपडे छान वाळतील म्हणाली. सुदेशने सगळे स्क्रू काढून बिजागऱ्या खालून लावल्या. फळी खाली पडली, वर आली, खालच्या सरकत्या टेकूवर बरोबर टेकली. त्याला इतका आनंद झाला, की त्याने ती उगीचच दहा-बारा वेळा वरखाली केली.

एका गोष्टीबद्दल मात्र तो निर्धास्त होता, आणि ती म्हणजे माप. हॉलमधल्या सोफ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर त्याने टेपने मोजलं होतं, परत मोजलं होतं. दोन्ही फळ्या उघडल्या, की टेबल एका बाजूला सोफ्याशी आणि दुसऱ्या बाजूला भिंतीशी चपखल बसणार होतं.

रविवारी लेक संचिता आणि जावई अद्वय टिटवाळ्याहून आले. कल्पिताने आंबोळ्यांचं पीठ भिजवलं होतं, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं. मिटलेलं टेबल हॉलच्या मध्यावर उभं होतं. सुदेशने कल्पिताला स्वयंपाकघरातून अक्षरशः हाताला धरून बाहेर आणलं, टेबलाच्या एका टोकाला खुर्चीवर बसवलं, दुसऱ्या टोकाला संचिताला, सोफ्यावर अद्वयला. सोफ्याकडची फळी उघडली. मग तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि दुसरी फळी उचलून, टेकू ओढून म्हणाला, "बघा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संचिताने लगेच ताटं मांडली, सांबाराचं पातेलं मधोमध ठेवलं. टेबल खरोखरच चपखल बसलं होतं. सुदेश बाहेर यायला निघाला आणि फळीला पोट लागून थांबला.

समोरची भिंत त्याने मोजली होती. त्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार आहे, हे त्याने धरलं नव्हतं. उघडी फळी दाराला आडवी बसली होती आणि दारापेक्षा चांगली लांब होती. अठ्ठावीस वर्षं तो या दारातून आत जाऊन पाणी पिऊन आला होता, आणि टेप लावताना त्याला तिथे नुसती भिंत दिसली होती.

अद्वय सज्जन मुलगा. तो हसला नाही. ताटं उचलतो, फळी खाली करू, बाबा बाहेर येतील, असं म्हणून तो उठला.

"राहू दे," कल्पिता म्हणाली. "अहो, मागे तवा तापलाय बघा."

सुदेशने मागे पाहिलं. बिडाचा तवा धुरावला होता. आंबोळी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी, म्हणून घालणारी कायम आत आणि खाणारे बाहेर, हे त्या घरात कोणी ठरवलेलंही नव्हतं. त्या क्षणी त्याला कळलं, की कल्पिताला गुडघ्यांनी आत उभं केलं नव्हतं. गुडघे दुखत नव्हते, तेव्हाही ती शेवटीच जेवत होती. त्याला मनापासून लाज वाटली. मग त्याने डाव उचलला, कारण फळीमुळे दुसरीकडे जाताही येत नव्हतं.

पहिली आंबोळी तव्याला चिकटली. दुसरीला आकार नव्हता, पण ती सुटली. फळीवरून हात लांब करून त्याने ती कल्पिताच्या ताटात वाढली. वाफ निघत असलेला तुकडा तिने सांबारात बुडवला आणि खाल्ला. मग ती बसल्या जागेवरून सांगू लागली, तेल कमी, झाकण ठेवा, आता काढा. तो काढत गेला. घाम पुसायला हात रिकामा नव्हता. ती चौथी आंबोळी मागत होती, तेव्हा संचिता आईकडे बघतच राहिली.

"पुढच्या रविवारी फळी वीतभर कापून टाकतो," सुदेश आतून म्हणाला. "वाट मोकळी होईल."

"कापायची नाही," कल्पिता म्हणाली आणि लोणच्याची बरणी पुढे ओढली.

सगळ्यांचं झालं. संचिता आणि अद्वय हात धुवायला गेले. सुदेशने उरलेल्या दोन आंबोळ्या ताटात घेतल्या आणि फळीच्या आतल्या बाजूला उभा राहून खायला लागला. गार झालेली आंबोळी चिवट लागते, चावून चावून जबडा दुखतो, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

कल्पिता उठली नाही. हात वाळेपर्यंत ती तशीच बसून राहिली, त्याचं जेवण होईपर्यंत.