चिकटपट्टी

खेळ बनवायच्या कार्यशाळेत नियम एकच होता: आपला खेळ दुसरे खेळून बघत असताना बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. समजावून सांगावं लागलं, तर नियमच धड लिहिलेले नाहीत.

सकाळी आपला खेळ दुसरे खेळत असताना सिस्टर एवढंच म्हणाल्या, "अहो, ती सोंगटी उलटी ठेवलीय." तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या त्या बाईच्या तोंडावर मार्गदर्शकाने सगळ्यांदेखत चिकटपट्टी लावली. हॉल खो खो हसला. पट्टी काढताना ओठांची सालं निघाली. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नियम तो नियम. त्यांनी राग गिळला.

दुपारी मार्गदर्शकाने मिशांना पीळ देत स्वतःचा खेळ मांडला. सिस्टर मुद्दाम खेळायला बसल्या. त्यांनी फासा टाकला.

"तसं नाही हो! आधी पत्ता उचलायचा!"

त्यांनी पत्ता उचलला.

"अहो, हा नव्हे!" म्हणत त्याने तो हातातून हिसकावलाच.

सिस्टर उठल्या. त्यांनी चिकटपट्टीचं रीळ घेतलं आणि दातांनी टर्रकन तुकडा तोडला. आता हॉलमध्ये कुणी हसेना.

"तोंड मिटा," त्या म्हणाल्या. "काढताना मिशा निघतील, पण नियम तो नियम."