खणखणीत

ब्रेकचा ड्रम डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासायचा, हे मी सोलापुरातल्या निम्म्या ड्रायव्हरांना ऐकवलेलं आहे. आत चर पडले तर ते नखाला लागतात. लेथवर घासून काढता येतात, पण दर घासणीला ड्रम पातळ होतो आणि पातळ ड्रम तापला की तडकतो. तो तडा काजळीखाली दिसत नाही. म्हणून ड्रम तारेला टांगून हातोडीनं हलकेच वाजवायचा. धड असला तर घंटेसारखा घुमतो. तडकलेला बद्द वाजतो. मग तो सरळ भंगारात टाकायचा, जीव अडकवायचा नाही.

हे ज्ञान पाजळणाऱ्या रामहरी मिस्त्रीला, म्हणजे मलाच, नीट ऐकू येत नव्हतं. गॅरेज काढण्याआधी अठरा वर्षं मी गिरणीत मागांवर होतो. तिथल्या खडखडाटानं कान खाल्ले. पण बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणील? मी समोरच्याचे ओठ बघायचो आणि अंदाजानं उत्तर द्यायचो. कुणाला पत्ता नाही, अशी माझी समजूत.

वळसंगचा चन्नवीर माझा जिवाचा दोस्त. त्याच्या भाड्याच्या ॲम्बॅसिडरला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागलेला नव्हता. पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तो आला.

"अण्णा, ब्रेक दाबला की पाय थरथरतोय बघा."

पुढचा ड्रम वाकडा झिजला होता. आधी दोनदा घासलेला. मी तिसऱ्यांदा घासला, टांगला, वाजवला. बोटांना कंप जाणवला, तोच मी आवाज समजलो. खोटं कशाला बोलू, समजलो नाही, तसं धरून चाललो.

"खणखणीत हाय की," मी म्हणालो.

चन्नवीर शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "बरं अण्णा. बसवा."

दुसऱ्या दिवशी मोडनिंबला भाडं सोडून रिकामा परतताना उतारावर ड्रम फुटला. गाडी एका अंगाला ओढली गेली आणि लिंबाच्या झाडावर आदळली. चन्नवीर जागीच गेला.

फुटका ड्रम मीच मागून आणला. लोखंड फुटलं की ताजी मोडलेली कड पांढरी चमकते. इथं निम्मी कड काजळीनं काळी होती. म्हणजे मी वाजवला तेव्हाच तडा होता. मी त्या ड्रमपाशी बसून लहान पोरासारखा रडलो.

पाचव्या दिवशी वळसंगला गेलो. चन्नवीरची बायको दानम्मा ओसरीवर बसली होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, मला ऐकू येत न्हाय. ड्रम बद्द वाजला असंल. मी खणखणीत म्हणालो. त्याला मी मारलं."

ती सरकून माझ्या कानाशी आली आणि मोठ्यानं, सावकाश बोलली.

"अण्णा, तुमच्या कानाचं त्यास्नी कवापासून ठाऊक होतं. आवाज बद्द आला, हे बी त्यांनी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, मग दुसरीकडं दाखवा की. तर म्हणाले, मोडनिंबचं भाडं तेवढं करून येतो, मग गुपचूप नवा ड्रम घालतो. पण अण्णाला कळू द्यायचं न्हाय, त्याच्या मनाला लई लागंल."