भिंतीखालचं पाणी

दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोन सख्ख्या भावांना दिलेल्या, म्हणून जावाही. मधे एक भिंत. अलीकडे थोरलीची लाँड्री, पलीकडे धाकटीची रोपांची नर्सरी. दोघी एकमेकींना पाण्यात पाहतात असं गल्ली म्हणायची, आणि गल्लीचं म्हणणं या खेपेला शब्दशः खरं होतं.

आधी अंगण एकच होतं. त्यातल्या विहिरीवर दोन्ही संसार आणि दोन्ही धंदे निभत होते. मग वाळत घातलेल्या चादरींना माती लागते म्हणून थोरलीच्या नवऱ्याने अंगणभर फरशी घातली. पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं सोडून सरळ गटारात जाऊ लागलं. विहीर खंगली. दोष कुणाचा यावरून भावाभावांत जुंपली, भिंत उभी राहिली आणि दोन्हीकडे बोअर आले. अंगणाची वाटणी झाली तशी खालच्या पाण्याचीही झाली असेल, असं हे शहाणे धरून चालले.

धाकट्याने बोअर मारला की थोरला त्याहून खोल जायचा. थोरला खोल गेला की धाकट्याला झोप लागायची नाही. "त्याच्या खाली जा," एवढंच बोअरवाल्याला सांगायचं. बोअरवाला दोन्ही घरचा चहा पिऊन जायचा, त्याचं काय जातंय!

यंदाच्या उन्हाळ्यात थोरलीकडे शेवटचा बोअर झाला. पाणी जोरात लागलं. दुसऱ्या दिवशी ती चादरी पिळत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडची मोटार घरघरली, खोकली आणि नुसती हवा ओढू लागली. थोरली समजून चुकली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पण संध्याकाळी धाकटी साठवलेलं पाणी तांब्यातांब्याने रोपांना घालताना दिसली आणि थोरलीचा हात नळीकडे गेला. नळी भिंतीवरून पलीकडे टाकायची, एवढंच काम. पण नवरा काय म्हणेल? आणि धाकटी आहे, तिने आधी मागावं की! मोठेपणा आडवा आला. रोजचं उद्यावर गेलं. तोवर पलीकडे आधी गुलाब वाळले, मग लिंबाची कलमं.

आज सकाळी धाकटीच्या दाराशी टेम्पो लागला. गाद्या चढल्या, भांडी चढली, रिकाम्या कुंड्या चढल्या. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली चादर तिथेच टाकून तिने वाहती नळी ओढत ओढत थेट धाकटीच्या फाटकापर्यंत नेली.

"चिमे, हे घे. लागेल तेवढं घे. रोज सोडते मी. जाऊ नको गं."

धाकटीने मागे वळून वाळक्या काटक्यांकडे पाहिलं. "आता कशाला घालू, ताई?"

"परत लाव. मी लावते तुझ्याबरोबर."

"ह्यांना काम मिळालंय. दुसऱ्याच्या बागेत. खोलीही देताहेत."

"अगं, पण एकदा मागायचंस तरी!"

"मोटार तुला ऐकू येत होती ना?" धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तूच देशील."

थोरलीच्या हातातली नळी खाली झुकली. पाणी दोघींच्या पायांवरून वाहत होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"जरा धर," धाकटी म्हणाली आणि तिने ओंजळ पुढे केली. थोरलीने दोन्ही हातांनी नळी धरली. धाकटी वाकून पाणी प्यायली, थांबली, पुन्हा एक घोट घेऊन तोंडात घोळवला. लोखंडाची चव होती त्याला, किंचित खारट.

"हे आमच्याच बोअरचं आहे की गं, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी बोलली.

मग तिने पदराला हात पुसले आणि ती टेम्पोत जाऊन बसली.